सव्वाचार तास

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

हे पाकीट भावोजींच्या हातात देताना मी त्यांना एक अट घातली आहे. तू शेवटचं पान वाचून होईपर्यंत त्यांनी तुझ्यासमोरून उठायचं नाही. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हे त्यांचं रोजचं काम असलं, तरी रागावलेल्या तुझ्यासमोर बसून राहणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि हो म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाकिटात काय आहे ते त्यांना ठाऊक नाही, तेव्हा त्यांच्यावर डाफरू नकोस. डाफरायचं ते माझ्यावर, आणि तेही सगळं वाचून झाल्यावर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तू हे अर्धवट ठेवणार नाहीस. तुझ्या गाठीचा जो रिपोर्ट आला, ज्याच्यावर तुझे सगळे उपचार ठरले, तो चुकीचा असू शकतो. असू शकतो म्हणते आहे, आहेच असं नाही. ते तपासायला आता एकच जागा उरली आहे आणि त्यासाठी आपल्याकडे सात दिवस आहेत. मला हे कसं माहीत आणि इतके दिवस मी गप्प का होते, ते सांगायला मात्र काही पानं लागतील. लहानपणी तू मला भुंगा म्हणायचीस, कानाशी सारखी गुणगुण करते म्हणून. आज एकदा ती गुणगुण ऐकून घे.

तेवीस दिवस झाले, तू माझा फोन घेत नाहीस. बरोबरच आहे तुझं. मी तरी काय चालवलं होतं? दर दोन दिवसांनी येऊन एकच पालुपद, की पुन्हा तपासणी करू या, त्या जुन्या क्लिनिकमधून तुझा तुकडा मागवू या. का म्हणून विचारलंस की म्हणायचे, असंच, खात्री म्हणून. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसला प्रकार. सहा केमो सोसलेली बाई 'असंच' म्हणून पुन्हा त्या चक्रात कशाला जाईल? शेवटी तू ओरडलीस, "माझं अंग म्हणजे तुझी प्रयोगशाळा नाही, आता सोड मला," आणि दार लावून घेतलंस. मी जिन्यातच उभी राहिले. आत तू नळ सोडलास. रडायचं असलं की तू नळ सोडतेस, हे मला मी शाळेत होते तेव्हापासून माहीत आहे. दहा मिनिटं नळ चालू होता. मग वरच्या मजल्यावरची म्हातारी खाली यायला लागली म्हणून मी निघाले.

मागचं सगळं परत उगाळत नाही, पण काही गोष्टी क्रमाने सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुझी गाठ खरं तर तुला सापडलीच नाही, ती सापडली तुझ्या बसच्या पट्ट्याला. एकोणीस वर्षं शाळेची बस चालवलीस, कधी खरचटल्याची तक्रार नाही, आणि एके दिवशी म्हणायला लागलीस की पट्टा छातीशी टोचतो. आधी पट्ट्याला फडकं गुंडाळलंस. मग सीट पुढे घेतलीस, मग मागे घेतलीस. मग गॅरेजवाल्याशी भांडलीस, की तूच कसला तरी भिकार पट्टा बसवलास. चार महिने हे चाललं होतं आणि मी, रोज बायकांच्या गाठी कापून काचेवर रंगवणारी, तुझ्या स्वयंपाकघरात बसून त्या गॅरेजवाल्याच्या नकला ऐकून हसत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तू मला न सांगता बस डेपोसमोरच्या त्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये गेलीस. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सुईने तांदळाएवढे चार तुकडे काढले, लगेच बाटलीत टाकले, साध्या रंगात बघितले आणि कॅन्सर आहे एवढं सांगितलं. पुढच्या तपासण्या मोठ्या हॉस्पिटलात होतील म्हणाले. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. ते चार तुकडे त्यांनी मेणाच्या ठोकळ्यात घालून, नंबर टाकून, कपाटात ठेवले. सगळीकडे ठेवतात तसेच. हे लक्षात ठेव, कारण आज मी लिहिते आहे ती त्या ठोकळ्यासाठी.

पुढच्या तपासण्या म्हणजे काय, ते मी तुला तेव्हा घाईत सांगितलं होतं आणि तू नुसती मान डोलावली होतीस. आता नीट सांगते. गाठीच्या पेशींवर तीन प्रथिनं आहेत का, ते आम्ही बघतो. दोन प्रथिनं शरीरातली बायकी संप्रेरकं आत ओढून घेतात आणि गाठ त्यांच्यावर पोसली जाते. तिसरं प्रथिन पेशीला वाढ वाढ म्हणून ढोसत राहतं. गाठीचा केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर रंग चढवायचा. प्रथिन असलं तर पेशी तपकिरी होते, नसलं तर निळी राहते. पहिल्या दोन्हींपैकी एक जरी तपकिरी आलं, तरी त्या बाईच्या हातात एक जास्तीचं औषध येतं. रोज एक छोटी गोळी, पाच वर्षं, कधी दहा, आणि गाठ परत यायचा धोका बराच कमी होतो. तिन्ही निळे राहिले तर ती गोळी घेऊन उपयोग नाही. मग केमो, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी जाऊन काही उगवलंय का ते बघत राहणं.

तुझे तिन्ही निळे आले. रिपोर्टवर तीनदा 'निगेटिव्ह' वाचून तू केवढी खूश झालीस. बसमधल्या पोरांना म्हणालीस, काकूच्या पेपरात एकही भोपळा... नाही, उलटं म्हणालीस, तिन्ही भोपळे मिळाले आणि तरी पास. भावोजींनी मला फोन करून विचारलं, हे चांगलंच ना गं? मी काहीतरी पुटपुटले आणि लॅबमध्ये काम आहे म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनीच तुम्हाला समजावलं की हा निकाल काही चांगला नाही. ते सांगण्याची हिंमतसुद्धा मी दुसऱ्यावर ढकलली.

मग केमो. ते सहा महिने मी तुला काय सांगू, तूच भोगलेस. तोंड सोलवटलं, पाणी प्यायलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. नखं काळी पडली. बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं आणि स्टिअरिंग हातात आहे की नाही ते समजत नाही म्हणून तू स्वतः जाऊन बसची किल्ली शाळेत देऊन आलीस. कोणी मागितली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन तू कपाट आवरायला काढलंस आणि संध्याकाळपर्यंत आवरत राहिलीस. केमो संपली आणि तुझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्या बायकांना एकेक करून गोळ्या सुरू झाल्या. तू मला विचारलंस, "मला का नाही गं? रांगेत माझ्यापर्यंत येता येता संपल्या का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, ताई. त्या हसण्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात कशाची वाटली नाही, आणि लाज वाटावी असं मी बरंच केलं आहे. तेच आता सांगते.

ऑपरेशनच्या दिवसाची गोष्ट तू सगळ्यांना सांगतेस. शेजारणीला, केमोच्या नर्सला, शाळेच्या मुख्याध्यापकांनासुद्धा. शुद्धीवर आल्यापासून माझी बहीण चार तास हात धरून बसली होती, पाणी प्यायलासुद्धा उठली नाही, असं सख्ख्या मुलीने केलं नसतं. मी तिथे असले तर तू माझा दंड धरून सांगतेस आणि लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. तेव्हा मला वाटतं, जमीन फाटावी आणि पोटात घ्यावं.

आमच्या कामात एक नियम सगळ्यांत आधी शिकवतात. अंगातून काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे. फार तर तासाभरात. फॉर्मॅलिनने तो आहे तसा टिकतो. उशीर झाला तर आतली प्रथिनं विरायला लागतात. तुकडा दिसायला तसाच दिसतो, कॅन्सर ओळखूही येतो, पण रंग धरायला आत काही उरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नव्याने लागलेल्या मुलींना हे मीच पहिल्या दिवशी शिकवते, आणि तासाचा सव्वा तास झाला तर त्यांना रडवते.

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर तिथेच डब्यात फॉर्मॅलिन ओततात आणि वॉर्डातल्या मावशी तो डबा खाली लॅबमध्ये आणतात. वर्षानुवर्षं असंच चालतं आणि काही बिघडत नाही. पण तुझ्या वेळी मला ते चालेना. माझ्या ताईची गाठ कोणाच्या तरी ट्रॉलीवरून गप्पा मारत जाणार? शिवाय अख्खा तुकडा तसाच बुडवला की फॉर्मॅलिन मधोमध पोचायला वेळ लागतो. आधी काप घेऊन मग बुडवला तर रंग जास्त सुरेख येतो, हे मला वीस वर्षांच्या कामाने माहीत होतं. म्हणून मी सिस्टरना म्हटलं, तुम्ही ओतू नका, गाठीची पिशवी मला तशीच द्या, मी खाली नेऊन माझ्या हाताने करते. त्या नको म्हणत होत्या. मी ओळखीच्या जोरावर घेतली. इतरांसारखं झालं असतं तर सगळं ठीक झालं असतं. तुला इतरांहून चांगलं मिळावं म्हणून मी मधे पडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पिशवी माझ्या हातात आली तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. लॅबकडे जायचा रस्ता तुला ठेवलं होतं त्या खोलीवरून जातो. नर्स दारातून म्हणाली, तुमची ताई शुद्धीवर येते आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं. पिशवी खुर्चीखाली ठेवली आणि बसले. खुर्चीच्या मागे भिंतीला हीटर होता, तो चालू होता. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस की नाही कोण जाणे, पण माझा हात घट्ट धरलास आणि म्हणालीस, "जाऊ नकोस गं."

तू असं कधी म्हणाली नव्हतीस. आई एका सकाळी हृदय बंद पडून गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू एकोणीस. बाबांना घर म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. तू कॉलेज सोडलंस, गाडी शिकलीस, माझं दप्तर, माझे दात, माझी परीक्षेची भीती, सगळं तू बघितलंस. मला ताप आला की तू माझ्या उशाशी बसायचीस. तुला ताप आला की तू कामावर जायचीस. चाळीस वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस आणि पहिल्यांदा मागितलंस ते एवढंच. मी कशी उठणार होते?

इथे मला म्हणता आलं असतं की मी विसरले. कितीदा मी आरशासमोर उभी राहून तसं म्हणून बघितलं आहे. पण मी विसरले नव्हते. पंधरा मिनिटांनी आठवलं, तेव्हा म्हटलं अजून पाच मिनिटं. नर्सला हाक मारून पिशवी खाली पाठवता आली असती, तर तिला काय सांगू, की मीच ओतू नका म्हटलं होतं? थोड्या वेळाने घड्याळ बघितलं तर साडेबारा झाले होते. तास केव्हाच उलटला होता. त्यानंतर मी जी बसून राहिले ती तुझ्यासाठी नव्हे. उठले की ती पिशवी उघडावी लागणार होती, आणि मला तिची भीती वाटत होती. तू झोपली होतीस. तुझी पकड केव्हाच सुटली होती. त्यापुढे हात मी धरला होता. तू ज्या बहिणीची गोष्ट सांगतेस ती खुर्चीवर घाबरून बसलेली बाई होती, ताई, आणि पायाशी तुझी गाठ हीटरच्या उबेत पडली होती.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मी ती फॉर्मॅलिनमध्ये घातली. सव्वाचार तास. फॉर्मवर एक चौकट असते, फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची वेळ लिहायची. तिथे मी अकरा पंचवीस लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, खाडाखोड नाही काही नाही, कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

काचा रंगवून झाल्या तेव्हा मी त्या आधी बघितल्या. गाठ निळी होती. तेही एकवेळ खरं असू शकतं, शंभरात दहा-पंधरा बायकांचं तसं येतं. पण गाठीशेजारी चांगल्या, निरोगी भागातल्या दुधाच्या नळ्या असतात. त्यातल्या काही पेशी प्रत्येक बाईत तपकिरी होतात, आजार असो वा नसो. त्याच्यावरून आम्हाला कळतं की तुकडा शाबूत आहे. तुझ्या काचेवर त्या नळ्यासुद्धा निळ्या होत्या. म्हणजे गाठीत प्रथिन आहे की नाही, हे ती काच सांगूच शकत नव्हती. तुकडाच मेलेला होता. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे त्या दिवशी ऐंशी काचा होत्या. तुझ्या काचांवर आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, बरोबरचा नमुना नीट रंगलाय ना? म्हणजे प्रत्येक खेपेला आम्ही एक माहितीतला तुकडा सोबत रंगवतो, रंग काम करतोय का ते कळायला. तो नीट रंगला होता. मी हो म्हटलं. एवढंच विचारलं होतं, एवढंच उत्तर दिलं. त्यांनी माझ्या वीस वर्षांवर विश्वास ठेवला आणि सही केली.

नंतरच्या सुटीच्या दिवशी मी दुपारी लॅब उघडून तीनदा तुझे काप पुन्हा रंगवले. रंग जास्त वेळ ठेवला, वाफ जास्त दिली, जे जे येतं ते सगळं केलं. तिन्ही वेळा निळे. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मनाची समजूत घातली, की कदाचित ताईची गाठ खरोखरच तशी असेल. केमो तर द्यावीच लागली असती. त्याच्यावर माझा विश्वास बसला असता तर बरं झालं असतं. खरी गोष्ट अशी आहे, की निकाल वेगळा असता तर डॉक्टरांनी कदाचित केमो दिलीच नसती. तुझी नखं, तुझं तोंड, तुझी बस, हे सगळं कदाचित टाळता आलं असतं. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून दुपार झाली.

केमो झाल्या त्या झाल्या, त्यांचं आता काही करता येत नाही. पण गोळी अजून सुरू करता येते. केमो संपून सात आठवडेच झाले आहेत, वेळ गेलेली नाही. त्यासाठी शाबूत तुकडा हवा आणि तो क्लिनिकच्या कपाटात आहे, डॉक्टरांनी लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला. तुझ्या मागे मी पालुपद लावलं होतं ते याच्यासाठी. तू दार लावलंस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटीच तिथे गेले, तर दारावर कागद. डॉक्टर निवृत्त होत आहेत, येत्या मंगळवारी, म्हणजे आजपासून सात दिवसांनी, क्लिनिक कायमचं बंद, जुने नमुने त्यानंतर नष्ट केले जातील, ज्यांना हवे असतील त्यांनी घेऊन जावेत. काउंटरवर एक चष्मेवाली बाई होती. तिने नंबर शोधला, आहे म्हणाली. मग म्हणाली, पेशंटची सही आणि ओळखपत्राची प्रत आणा. मी सांगितलं मी सख्खी बहीण आहे. चालत नाही म्हणाली. मी लॅबचं कार्ड दाखवलं, हात जोडले, मग लोकांसमोर रडायला लागले. ती बाई वाईट नव्हती, मला बसवलं आणि आत पाणी आणायला गेली.

कपाट माझ्या हाताच्या अंतरावर होतं. नंबर मी नुकताच ऐकला होता. उठले, खण ओढला, आणि तुझा ठोकळा मला सापडला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, पांढऱ्या मेणात चार बारीक रेघा. मी तो बोटांत धरला होता. पर्समध्ये टाकायला किती वेळ लागला असता? पण चोरलेल्या ठोकळ्यावर कोणता डॉक्टर सही करणार, आणि त्या सहीशिवाय तुला गोळी कोण देणार? मी तो परत ठेवला. पाणी प्यायले आणि त्या बाईकडून कोरा फॉर्म घेऊन बाहेर पडले. तुझी सही मला हुबेहूब येते, हे तुला माहीत नसेल. शाळेत गणिताच्या पेपरांवर मीच ठोकायचे. घरी येऊन मी फॉर्म पुढ्यात घेऊन पेनाचं टोपणही काढलं. पण एका खोट्या वेळेने एवढं झालं, आता खोटी सही करून तोही निकाल बाद व्हायला नको.

आता मुद्द्याचं. फॉर्म याच पाकिटात आहे, सही करायच्या दोन जागी मी पेन्सिलने फुल्या केल्या आहेत. ओळखपत्राची प्रत भावोजी जोडतील आणि उद्याच नेऊन देतील. तो ठोकळा दुसऱ्या हॉस्पिटलात जाईल, मी त्याला हातसुद्धा लावणार नाही. तिथेही निळाच आला तर तुझ्या उपचारात काही बदलणार नाही, फक्त बहीण कशी निघाली ते तुला कळलेलं असेल. तपकिरी आला तर त्याच आठवड्यात तुझी गोळी सुरू. पण मी तुला ओळखते. हे सगळं वाचून तुझ्या मनात पहिला विचार स्वतःचा येणारच नाही. तू म्हणशील, तो ठोकळा तपकिरी निघाला तर लोक विचारतील हॉस्पिटलचा निळा कसा, मग ते फॉर्म काढतील, मग भुंग्याची नोकरी जाईल. आणि तू हा कागद चार घड्या करून कुठेतरी खाली दडपून ठेवशील, मला फोन करून जेवायला बोलावशील आणि मरेपर्यंत कोणाला काही सांगणार नाहीस. आयुष्यभर माझ्या बाबतीत तू हेच केलंस. म्हणून हे पत्र लिहायच्या आधी, काल सकाळी, मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं लिहून दिलं. वेळ, पिशवी, नळ्या, सगळं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी माझं कार्ड काढून घेतलं आणि म्हणाल्या, आता तुमच्या हातून गेलेली प्रत्येक केस मला परत बघावी लागेल. मी घरी बसले आहे आणि तिथे परत जाईन असं वाटत नाही. तेव्हा सही न करून तुला मला वाचवता येणार नाही, ते दार मी लावून आले आहे. माफीही आज मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि दोघींनाही वाटेल की विषय संपला. भावोजी अजून समोर बसले असतील. त्यांच्याकडे पेन आहे, मी दिलं आहे. सही कर, ताई.

तुझीच,
भुंगा